बिनआवाजाचा कम्प्युटर

सुमनआत्या गेल्याची बातमी मला दोनदा कळली. पहिल्यांदा दादाच्या फोनवरून. मी नागपूरला ऑफिसात डबा उघडून बसले होते. "आत्या गेली. सकाळी उठलीच नाई. तू निघ," एवढंच तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवला. ती बातमी खरी होती. दुसरी तेरवीनंतर वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर छापून आली. सिंदीच्या निवृत्त शिक्षिकेचं निधन, शोकसभेला मान्यवरांची उपस्थिती, आणि मग हे वाक्य: भाच्याने भेट दिलेल्या संगणकावर त्यांनी घरबसल्या भुलाबाईच्या गाण्यांचा छंद जोपासला होता... भाच्याने. भेट. घरबसल्या. छंद. एका वाक्यात इतकं खोटं! बातमीदाराला मी दोष देत नाही, त्याने शोकसभेत कानावर पडलं तेच उतरवून घेतलं. त्या सभेत मीही होते, आईच्या शेजारी, भिंतीला टेकून. चार माणसांसमोर मला बोलता येत नाही, शाळेपासूनच येत नाही. लिहिता मात्र येतं, आणि तेही आत्यानेच शिकवलं, म्हणून हे लिहिते आहे. गेले काही आठवडे राग शांत होण्याची वाट पाहिली. तो झाला नाही.

आत्या माझ्या बाबांची मोठी बहीण. लग्न केलं नाही. सिंदीच्या मुलींच्या शाळेत मराठी शिकवायची, आणि आमच्याच घराच्या मागच्या दोन खोल्यांत वेगळी चूल मांडून राहायची. पुढे बाबांचं किराण्याचं दुकान, मध्ये आम्ही, मागे आत्या. मी रोज पॅसेंजरने वर्ध्याच्या इंग्रजी शाळेत जायचे. तिथे मराठी बोललं की वर्गाबाहेर उभं करायचे. घरी आल्यावर मी मराठीत निबंध लिहावा म्हणून आत्या माझ्यामागे लागायची. तिच्या लाल पेनाला माझ्या ऱ्हस्वदीर्घाची अजिबात दया नव्हती. पण स्वतः ती घरात, बाजारात, मुख्याध्यापकांसमोरसुद्धा 'मले' आणि 'तुले'च म्हणायची. शाळेत तपासणीला आलेल्या एका साहेबांनी हसून विचारलं होतं, "बाई, तुम्ही मराठीच्या शिक्षिका ना?" आत्या म्हणाली, "म्हनूनच तं." साहेबांना ते कळलं नाही. मलाही तेव्हा कळलं नव्हतं.

भाद्रपदातल्या पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत आमच्याकडे मुली भुलाबाई बसवतात. रोज संध्याकाळी घरोघर गाणी म्हणायची आणि शेवटी बंद डब्यातला खाऊ ओळखायचा. डबा कानाशी धरून हलवायचा... खडखडलं की फुटाणे, सळसळलं की मुरमुरे, काहीच वाजलं नाही की शिरा नाहीतर बर्फी. आत्याला डबा हातात द्यायचाच नाही, असा आमच्या गल्लीतल्या मुलींचा नियम होता. ती एकदाच हलवायची, आणि फुटाण्यांत शेंगदाणे किती मिसळलेत इथपर्यंत सांगून खेळाची मजा घालवायची. तिच्या कानाबद्दल सांगायचं ते एवढंच. ती गाणारी नव्हती, गळा तर बेसूरच होता. ऐकणारी होती.

नव्वदच्या दशकात नागपूरचा एक कॅसेट काढणारा माणूस सिंदीत आला होता. भुलाबाईची गाणी हवी होती. आत्याने त्याला पार्वताबाईंकडे नेलं. पार्वताबाई शेतात जाणाऱ्या, माहेर नाचणगावचं. सासरच्या तक्रारींची गाणी त्यांना इतकी येत की दुसऱ्या दिवसापर्यंत संपत नसत. त्या माणसाने त्यांना नागपूरला नेलं, सोबत आत्याही गेली. स्टुडिओच्या काचेच्या खोलीत उभं करून त्याने सांगितलं, "बाई, 'मले' नको, 'मला' म्हणा. पुण्या-मुंबईकडेही खपली पाहिजे." पार्वताबाईंनी प्रयत्न केला. पण 'मले'वर जी टाळी पडायची ती 'मला'वर पडेना. त्या अडखळल्या, पुन्हा सुरू केलं, पुन्हा अडखळल्या, आणि शेवटी पदराने घाम पुसत बाहेर येऊन बसल्या. कॅसेट निघाली. गाणी त्यांची, आवाज नागपूरच्या कुणा ताईंचा, मागे ऑक्टोपॅड. आत्याने ती एकदा ऐकली, फीत ओढून काढली आणि रिकाम्या डबीत सुया ठेवल्या. नंतर कित्येक वर्षं ती डबी शिवणाच्या मशीनवर होती. "मायी माय 'मले' म्हने," ती म्हणायची. "तिले जाऊन सांगू का आता, तू अशुद्ध बोलत होती म्हनून?"

मी अकरावीत असताना तिने ठरवलं की आपण स्वतःच गाणी भरून घ्यायची, घरीच. पैसे तिच्या भिशीचे. हे मुद्दाम लिहिते आहे. भिशी आत्याची होती, दादाची नव्हती. दादा तेव्हा बीकॉमच्या पहिल्या वर्षाला होता आणि त्याचं एकच म्हणणं होतं, गेम चालेल असा घे. आत्या वर्ध्याहून कम्प्युटरचं एक इंग्रजी मासिक घेऊन आली आणि महिनाभर ते माझ्याकडून वाचून घेतलं. मी एक ओळ वाचायची आणि मराठीत सांगायची. मला कळत नसे, तिला इंग्रजी येत नसे, आणि तरी दोघींच्या मध्ये कुठेतरी ते कळत जायचं. प्रोसेसर किती वेगाचा, याच्याशी तिला काही देणंघेणं नव्हतं. कम्प्युटरच्या डब्याला ती पेटी म्हणायची. "एक बाई गाईन, एक पेटी ऐकीन. त्याले विमानाचं इंजिन काऊन पाहिजे?" मदरबोर्डात आधीच असलेल्या आवाजाच्या सोयीत खरखर येते, वेगळं साउंड कार्ड लावलं तर आवाज साफ येतो, हे तिला पटलं. आणि माइकला पेटीच्या पंख्याची घरघरही ऐकू येते, हे वाचल्यावर तिने मासिक मिटलं. "झालं मंग. पेटी मुकी पाहिजे," ती म्हणाली.

वर्ध्याच्या दुकानात आम्ही दोघी गेलो तो प्रसंग आता आठवला की हसू येतं, आणि हसू ओसरलं की राग. दुकानदार माझ्या शाळेच्या गणवेशाकडे बघून माझ्याशीच बोलायला लागला. "मॅडम, पर्पज काय आहे?" मी आत्याकडे बोट दाखवलं. त्याने तिच्याकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं. "भाऊ, मले बिनआवाजाचा कम्प्युटर पाहिजे," आत्या म्हणाली. त्याचा चेहरा एकदम खुलला. "मंग तं सोपं आहे ना काकू! बजेटमधे बसते." आत्याही खूश झाली. पुढे तो माझ्याशी मॉनिटरच्या रंगांबद्दल बोलत राहिला. मी काहीच बोलले नाही, त्यामुळे मला सगळं कळतं असं तो धरून चालला. पेटी घरी आली. आत्याने देवासमोर ठेवून तिला हळदीकुंकू लावलं, बटण दाबलं, आणि खोलीत पिठाची गिरणी सुरू झाली. एवढी घरघर की बाबा दुकानातून उठून आत आले. वर ना साउंड कार्ड, ना स्पीकर. दुसऱ्या दिवशी दुकानदार म्हणाला, "तुमीच म्हटलं ना काकू, बिनआवाजाचा? आवाज काढूनच टाकला म्या!"

आवाज! आपल्या भाषेत घरघरीला आवाज म्हणतात आणि गळ्यालाही आवाज म्हणतात. तिला घरघर नको होती, त्याने गळा काढून घेतला. आत्या तिथेच पोट धरून हसली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मग पदराने डोळे पुसून तिने त्याला विचारलं, "बापू, यकदा तरी इचारलं का मले, कम्प्युटरवर काय करनार म्हनून? या पोरीले इचारलं. ते तं बोलतबी नाई." आज त्याच्यावर माझा राग नाही. तरुण होता, चुकला आणि पेटी परत घेतली. पण बाईने काय विचारलं याकडे लक्ष न देता तिच्या शेजारी उभ्या असलेल्याशी बोलायचं, ही सवय त्या एका दुकानापुरती नव्हती. परवाच्या शोकसभेतही तीच सवय खुर्चीवर बसली होती.

दुसऱ्या वेळी आत्याने तोंडी काहीच सांगितलं नाही. दुकानात चालू असलेल्या एकेका पेटीपुढे ती खाली बसली आणि कान लावला. दुकानातली माणसं जमली. "काकू, कम्प्युटर हाय थो, टरबूज नाई," कुणीतरी म्हणालं. "टरबुजाले कान लावून घेते, मंग इतक्या महागाच्या वस्तूले डोये मिटून घेऊ काय?" आत्या कान न काढता म्हणाली. एका पेटीत पंखा बरा होता पण हार्डडिस्क किरकिरत होती. दुसरीत डिस्क बरी, पंखा घोगरा. तिने पहिलीचा पंखा दुसरीत लावायला सांगितला. डिस्क सावकाश फिरणारी निघाली, म्हणूनच शांत. तिच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नसे. दुकानदार कपाळावर हात मारून म्हणाला, "लोक फास्ट मागतात, काकू स्लो मागून राह्यल्या." मॉनिटर सगळ्यांत लहान घेतला, स्पीकर साधे, आणि तिथे वाचलेले सगळे पैसे साउंड कार्डात घातले. तिचं सगळंच बरोबर आलं असं नाही. माइक तिने मंडपवाल्याकडून जुना आणला आणि पार्वताबाई त्यातून निवडणुकीच्या प्रचाराला निघाल्यासारख्या ऐकू आल्या. तो परत केला. नवा माइक मिळाला तर जुन्या घराच्या वायरिंगमुळे स्पीकरमधून सतत हूं... असा सूर. वायरमन म्हणाला, घराला अर्थिंगच नाही. मग अंगणात खड्डा, खड्ड्यात मीठ, कोळसा आणि तांब्याची पट्टी. आई म्हणाली, "गाण्यासाठी कोनी विहीर खोदते काय?" खड्डा बुजला, आणि तो सूरही गेला.

एवढं करून पेटी अगदी मुकी झाली नाहीच. थोडी घरघर राहिलीच. तेव्हा आत्याने गवंडी बोलावला आणि तिची खोली आणि धान्याची कोठी यांच्यामधल्या भिंतीला मुठीएवढं भोक पाडून घेतलं. पेटी कोठीत, तांदळाच्या कणगीशेजारी. वायरी भोकातून इकडे. इकडे फक्त मॉनिटर, कीबोर्ड आणि माइक. भिंतींना नातेवाइकांकडून मागून आणलेल्या जुन्या गाद्या उभ्या केल्या. सिंदीत कापसाला काय तोटा! लोडशेडिंग सुरू झालं की यूपीएस केकाटायचा. त्याच्या आत कापूस कोंबून वर चिकटपट्टी लावली. या सगळ्यात दादाचा वाटा किती, हे सांगायला हवं, कारण आता ते छापून आलं आहे. दादाने गच्चीवरून दोन गाद्या खाली आणल्या. बस.

मग बायका यायला लागल्या. पार्वताबाई पहिल्यांदा आल्या तेव्हा दारातच थांबल्या. "काचाची खोली नाई ना वं बाई?" आत्या म्हणाली, "गाद्याची हाय. या, झोपून गा." त्या हसल्या आणि आत आल्या. प्रत्येक वेळी गाण्याच्या आधी आत्या एक गोष्ट करायची. सगळ्यांना बसवायची, बांगड्या धरून ठेवायला लावायची आणि म्हणायची, "आता मधात कोनी बोलायचं नाई." आणि रेकॉर्डिंग सुरू करायची. गाणं नाही, काही नाही. नुसती खोली. त्या शांततेत कुठे घरघर येते का, हे ती डोळे मिटून ऐकायची. आम्ही सगळ्या तिच्या तोंडाकडे बघत बसायचो. तिने हात हलवला की पार्वताबाई सुरू. मग 'मले' म्हणताना टाळी अशी पडायची, की जिने आयुष्यात तो शब्द उच्चारला नव्हता, त्या माझेही हात उचलले जायचे. झालं की आत्या सीडी काढून ज्या बाईचं गाणं तिलाच द्यायची. घरी वाजवायला यंत्र नसलं तरी द्यायची. "वाजो का न वाजो. तुयं आहे, तुयाजवळ ठेव."

आणि आता शोकसभा. सभा भरवली ती इथल्या एका सांस्कृतिक मंडळाने. आत्या जिवंत असताना त्यांच्यातला एकही माणूस त्या खोलीत आला नव्हता. व्यासपीठावर सगळे पुरुष. एकाने सुरुवात केली, "नव्या पिढीने जुन्या पिढीच्या हाती तंत्रज्ञान दिलं," आणि दादाला उभं केलं. दादा उभा राहिला, त्याने हात जोडले आणि बसला. पार्वताबाई मागे, चपला ठेवतात तिथे बसल्या होत्या. त्यांना बोला असं कुणी म्हटलं नाही. घरी आल्यावर मी दादाला विचारलं, सांगितलं का नाहीस? तो खरंच गोंधळला. "आता कुठं सांगत बसू? सभेत बरं दिसते काय? आन् आत्याले काय फरक पडते आता?" माझा दादा वाईट माणूस नाही. आत्याच्या शेवटच्या आजारपणात औषधं तोच आणायचा. पण 'काय फरक पडते' हे वाक्य या घरात, या गावात बाईमाणसाच्या कामाबद्दल किती सहज निघतं! एखाद्या पुरुषाने भिंत फोडून, अंगण खणून असं काही उभारलं असतं, तर त्याला छंद म्हणाले असते? घरबसल्या म्हणाले असते?

मागच्या आठवड्यात मंडळाचे अध्यक्ष घरी आले. आत्याच्या स्मरणार्थ सीडी काढायची आहे. दादाने आधीच हो म्हटलं होतं. कोठीची किल्ली आत्याने केव्हाच माझ्याकडे दिली होती, म्हणून मला हाक मारली. अध्यक्ष अगदी प्रेमाने बोलत होते. "बेटा, मूळ रेकॉर्डिंग दे. फार मोलाचं आहे. फक्त थोडं स्वच्छ करावं लागेल. मागचे आवाज येतात, बांगड्या, कोंबडा, बाई मध्येच हसतात. आणि तुझ्या दादाने एक सीडी ऐकवली, तीत सुरुवातीला कितीतरी वेळ काहीच नाही, रिकामंच आहे. भरताना चुकलं असेल. ते कापून टाकू. भाषाही जरा सुधारून घेऊ, पुण्यालाही पाठवायची आहे. नागपूरच्या एक ताई आहेत, फार गोड गळा, त्यांच्याकडून म्हणवून घेऊ."

मी ऐकत होते. तोच नागपूरचा गोड गळा, तेच सुधारणं. आत्याला जाऊन महिना झाला नाही, तोवर तिची पेटी पुन्हा त्या काचेच्या खोलीत न्यायला निघाले होते. दादा म्हणाला, "दे ना वं, काय बघून राह्यली?" आई स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. कोठीची किल्ली मी मुठीत धरली. आणि मी म्हटलं, "मले नाई द्यायचं."

दादाने माझ्याकडे असं पाहिलं, की जणू दुसरंच कुणी बोललं. अध्यक्ष हसले, त्यांना वाटलं मी थट्टा करते आहे. मी पुन्हा म्हटलं, तेच, त्याच शब्दांत. आई आत गेली आणि त्यांच्यासाठी मांडलेला चहाचा दुसरा कप तिने परत उचलून ठेवला. ते थोडा वेळ बसले आणि गेले. जाताना दादाला म्हणाले, शिकलेल्या मुली अशाच. दुसऱ्या दिवशी मी पार्वताबाईंकडे गेले. गाणी त्यांची आहेत, माझा राग त्यांच्यावर लादायचा नव्हता. नागपूरच्या ताई म्हणणार आहेत, चालेल का, असं विचारलं. त्या ज्वारी पाखडत होत्या. सूप न थांबवता म्हणाल्या, "म्हनू दे ना तिले तिचं. मायं कायले तिच्या तोंडात?" आणि थोड्या वेळाने, "सुमनबाई असती तं हाकलून देल्लं असतं." मी सांगितलं, "देल्लं." तेव्हा कुठे सूप थांबलं.

सीडी निघेल. जशी आहे तशी निघेल, बांगड्या, कोंबडा आणि 'मले'सकट, आणि वर पार्वताबाईंचं नाव असेल. माझ्या पगारात बसेल तेव्हा निघेल. घराला रंग द्यायचा आहे. रंगाऱ्याने कोठीच्या भिंतीतलं भोक बुजवायला सिमेंट कालवलं होतं, ते मी अंगणात ओतायला लावलं. पेटी कणगीशेजारी अजून चालते. दर शनिवारी नागपूरहून आले की मी कुठलंही एक रेकॉर्डिंग लावते आणि गाणं सुरू व्हायच्या आत थांबवते. आधीचं ते, जे अध्यक्षांना रिकामं वाटलं. त्यात लांबवर मालगाडी जाते. कुणीतरी धरून ठेवलेली बांगडी सुटते आणि पुन्हा धरली जाते. एक श्वास माइकच्या अगदी जवळ आहे, तो आत्याचा. ती ऐकते आहे. घरघर नाही, शोधून पाहा.

ज्यांना ते चुकून भरलेलं वाटतं, त्यांनी सिंदीला यावं. मी ऐकवीन. फक्त मधात कोणी बोलायचं नाही.